सिस्टर अक्कांची सायबीण

दोंडाईच्याला मला राहायला खोली मिळाली ती माझ्या डोक्यामुळे. म्हणजे बुद्धीमुळे नव्हे, कवटीमुळे. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला दारातच थांबवलं, माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले, कानामागे चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुईन चांगली व्हती तुना येळले. जळगावले जनमनी ना? ये, बठ." भाडं, पाणी, लाइट यांतलं त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटी मीच दोन दिवसांनी विषय काढला.

मी तिथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आले होते. वर्षभरात जळगावला बदली करून घ्यायची असं मनात होतं, कारण दोंडाईच्याला मिरचीच्या हंगामात सगळं गाव शिंकत असतं आणि वांग्याचं भरीत कुणालाही धड जमत नाही. पण त्या खोलीत मी राहिले ती चांगली सहा-सात वर्षं. घरमालकीणबाई, म्हणजे अक्का, होत्या म्हणून राहिले, दुसरं काही कारण नाही. आता त्या जाऊन वर्ष होत आलं, आणि अजूनही कुणाचं तान्हं मूल हातात घेतलं की माझा हात आपोआप त्याच्या टाळूकडे जातो.

सगळा मुलूख त्यांना सिस्टर अक्का म्हणायचा. तापीच्या अंगाला एक साखर कारखाना होता. आता त्याच्या नावाची पाटीही उरलेली नाही, तेव्हा मीही नाव घेत नाही. त्या कारखान्याच्या दवाखान्यात अक्का तरुणपणी नर्स म्हणून लागल्या आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिल्या. मूळच्या साक्रीकडच्या. त्यांच्या वस्तीतून नर्सिंग शिकायला धुळ्याला गेलेली पहिली मुलगी. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "बठ्ठा गावनी बाळंतपनं मी करी. लगीनवरथीन मनच उडी गयं."

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पांढरी साडी आणि खांद्याला पिनेनं लावलेलं घड्याळ सुटलं नव्हतं. जग हा एक मोठा वॉर्ड आहे आणि आपण त्यात राऊंडला निघालो आहोत, अशाच त्या चालायच्या. भाजीवाल्याला त्याचं भेंडीचं भांडवल सोडून जीभ दाखवायला लावायच्या. लग्नाचं बोलावणं आलं की पहिल्या रांगेत बसायच्या, कारण नवरा नाहीतर नवरी, दोघांपैकी एक तरी त्यांच्या हातावर जन्मलेलं असायचं. मंगलाष्टकं चालू असताना शेजारी बसलेल्या मला कोपरखळी मारून सांगायच्या, "यानं डोकं लांबट व्हयेल व्हतं. देख, कसं बठनं जागावर." नवरदेवाला ते ऐकू जायचं. त्याचा फेटा उगाचच खाली सरकायचा.

त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, एरंडेल. मला सर्दी झाली, एरंडेल. पित्त झालं, एरंडेल. दाराची बिजागरी कुरकुरली, शिलाई मशीन अडलं, कुत्र्याला खरूज झाली, तरी एरंडेलच. कॉलेजच्या प्राचार्यांशी माझं वाजलं तेव्हा घरी येऊन मी रडले, तर या बाई उठून बाटली आणायला गेल्या. मी रडणं थांबवलं ते त्या वासाच्या धास्तीने.

आता सायबीण कोण ते सांगते.

कारखान्याच्या फाटकाशी पत्र्याच्या शेडमध्ये एक वाफेचं इंजिन उभं होतं. लहानसं, चार चाकांचं, पाठीवर खोगीर टाकावं तशी पाण्याची टाकी. विलायतेत बनलेलं. तिकडे आधी कुठल्याशा दगडाच्या खाणीत राबलं आणि मग जुनं झालं म्हणून इकडे विकलं गेलं. विलायतेहून आलं म्हणून ती सायबीण. खेड्यापाड्यांतून ऊस आणायला आणि साखरेची पोती दोंडाईच्याच्या स्टेशनपर्यंत न्यायला कारखान्याने अरुंद रुळांची एक लाइन टाकली होती, तिच्यावर ही चालायची. उसाच्या दिवसांत भट्टीत कोळसा, कोळसा संपला की चिपाड.

पावसाळ्यात ऊस नसायचा, पण त्या काळात रस्तेही नसायचे. आमच्याकडची काळी जमीन एकदा भिजली की बैलगाडीचं चाक निम्मं आत जातं. अडलेल्या बाईची खबर आली की मॅनेजर इंजिन पेटवायला सांगायचा आणि अक्का पिशवी घेऊन ड्रायव्हरशेजारी उभ्या राहायच्या. भट्टीची धग पुढून, पाऊस मागून. लाइनीवरच्या सगळ्या गावांत त्या अशा पोचल्या. बाळंतपण अवघड दिसलं तर बाईला खाटेसकट मागच्या उसाच्या डब्यात घालायचं आणि स्टेशनपर्यंत आणून तिथून जीपने धुळ्याला पाठवायचं, असा रिवाज होता. "आपल्या हातात नाही ते धुळ्याला," असं त्या मला अनेकदा सांगायच्या, आणि सांगताना नेहमी दुसरीकडेच बघायच्या. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय.

एकदा मी म्हणाले, "अक्का, एवढी माया लोखंडावर?" तेव्हा त्यांनी चष्मा पुसत साधेपणाने सांगितलं की, बाळंतपणं सगळ्यांची केली, पण त्या दिवसांत काम झाल्यावर कुठल्या घरात बसायला पाट मिळेल आणि कुठल्या घरात ओट्यावरूनच चहा मिळेल, याचा नेम नसायचा. इंजिनावर मात्र ड्रायव्हरच्या उजव्या हाताची जागा सिस्टरची, ती ठरलेली. तिथे दुसरं कुणी उभं राहिलं तर ड्रायव्हर त्याला खाली उतरवायचा. हे ऐकून मला राग आला, त्यांना आला नव्हता. किंवा येऊन गेला असेल.

कारखाना बंद पडला, यंत्रं विकली गेली, रूळ उखडले. तेव्हा कामगारांच्या कमिटीने भंगारवाल्याशी भांडून इंजिन तेवढं मागून घेतलं आणि फाटकाशी शेड बांधून ठेवलं. पुढे कमिटीतली माणसं एकेक करून गेली. अक्का तेवढ्या उरल्या, आणि सायबीण त्यांच्या अंगावर पडली. अंगावर पडली हे माझे शब्द. त्या म्हणायच्या, "मना वॉर्डात एकच पेशंट ऱ्हायना, पन भरती शे."

आठवड्यातून दोनदा आम्ही रिक्षाने तिकडे जायचो. इंजिनाला एक पाटी टांगलेली होती, "भेटण्याची वेळ ४ ते ६". मोटारसायकलवरून पोरं फोटो काढायला यायची, आणि कुणी भलत्या वेळी बॉयलरवर चढून बसलं की अक्का खालून दरडावायच्या, "उतर. पेशंट झोपेल शे." पोरं खरंच उतरायची. मग या पिशवीतून स्टेथोस्कोप काढायच्या, बॉयलरला लावायच्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत ठोकत पुढून मागे जायच्या. काय ऐकू येतं, असं मी विचारलं की म्हणायच्या, "चिमण्या." आत कुठेतरी खरंच चिमण्यांनी घर केलं होतं. मग बाटली निघायची. चाकांच्या मध्यावर, दांड्यांच्या सांध्यांवर, जिथे म्हणून लोखंडाला लोखंड लागतं तिथे तिथे अक्का चमच्याने एरंडेल घालायच्या. तोंड उघडायला लावल्यासारखं एक झाकण उघडून तिथेही दोन चमचे.

खंडेनवमीला तर तिथे जत्राच. जुने कामगार, त्यांची मुलं-नातवंडं यायची, झेंडूच्या माळा, नारळ, साखरेचा प्रसाद. अक्का पूजेला हात जोडत नसत. त्या पदर खोचून ब्रश घेऊन उभ्या असायच्या. "नारळ फोडीसन जंग थांबस का? सरका, माले रंग देऊ द्या." दर खंडेनवमीला सायबिणीला तेलरंगाचा एक हात, हा कारखान्यापासूनचा प्रघात. कारखाना होता तोवर रंग लाल. पुढे ज्याच्याकडे उरला असेल त्याचा. एका वर्षी शाळेचा निळा, एका वर्षी पाण्याच्या टाकीचा पिवळा, एकदा कुणाच्या तरी बंगल्याचा गुलाबी. त्या वर्षी सायबीण फार विचित्र दिसली, पण अक्का म्हणाल्या, अंगभर झाकलं गेलं ना, मग झालं. निवडणुकीत उरलेला रंग मात्र त्या घेत नसत. ब्रश मलाही हातात घ्यावा लागायचा. चाकं, दांडे, नट, बोल्ट, काही सोडायचं नाही, असा हुकूम होता, आणि आम्ही काही सोडत नव्हतो.

या सगळ्यात पुढे असायचा सुपडू. सुपडू म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, चाळिशी उलटलेला, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज होतं. लाइनीवरच्याच एका गावात तो जन्मला आणि त्याची आई त्याच दिवशी गेली. मूल जगावं म्हणून आजीने त्याला सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं, तशी आमच्याकडे रीत आहे. सायबीण वेळेवर आली, सिस्टर अक्कांना घेऊन आली, म्हणून निदान पोर वाचलं, असं आजीने त्याला लहानपणापासून सांगितलेलं. त्यामुळे इंजिनासमोर नारळ फोडणाऱ्यांत तो पहिला. अक्कांच्या घरी दर दिवाळीला फराळाचा डबा त्याच्याकडून यायचा. अक्का तो डबा घ्यायच्या, त्याच्या बायकोची, मुलींची चौकशी करायच्या, पण त्यातला फराळ त्यांनी खाल्लेला मी कधी पाहिला नाही. सगळा माझ्या वाट्याला यायचा. मला वाटायचं, तळलेलं सोसत नसेल.

मग एके दिवशी एक म्हातारा गोरा पाहुणा आला.

तो आयुष्यभर पोस्टमन होता, आता निवृत्त. त्याच्या गावी ती दगडाची खाण. खाण कधीच बंद झालेली, पण गावातल्या हौशी माणसांनी तिच्या लाइनीचा एक तुकडा पुन्हा टाकला होता, आणि सुटीच्या दिवशी त्यावर लोकांना बसवून फिरवायचे. खाणीची बाकी सगळी इंजिनं भंगारात गेली होती. हे एक कुठे तरी हिंदुस्थानात विकलं गेलं एवढंच त्यांना ठाऊक होतं. आमच्यापैकी कुणीतरी खंडेनवमीचे फोटो फोनवरून जगभर पसरवले होते, त्यांतल्या एका फोटोवरून त्याने ओळखलं. धुळ्याहून गाडी करून आला. दुभाषी म्हणून अक्कांनी मला उभं केलं.

शेडमध्ये शिरल्यावर तो इंजिनाभोवती एक फेरी मारून आला. मग परवानगी घेऊन त्याने टाकीच्या कोपऱ्यावर नाण्याएवढी जागा चाकूने खरवडली. वर निळा, खाली गुलाबी, मग पिवळा, मग लालच लाल, आणि सगळ्यात तळाशी गर्द हिरवा. हिरवा दिसल्यावर त्याने टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "बीपी चेक करी ले म्हन याले."

मग त्याने चाकांकडे मोर्चा वळवला. दांडा हलवून पाहिला, हलेना. लिव्हर ओढला, हलेना. झाकण, खिटी, नट, काही म्हणून जागचं हलेना. सगळं एकमेकांत गच्च बसलेलं. त्याने एका सांध्यातून नखाने काहीतरी काढलं, लाखेसारखं कडक, तपकिरी. हुंगलं आणि मला विचारलं, कोणतं तेल घालता? मी विचारायच्या आधीच अक्कांना कळलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढून मोठ्या मानाने त्याच्या हातात दिली. "एरंडेल. एकदम शुद्ध. गाळेल शे."

म्हातारा खाली मटकन बसला आणि कपाळ धरून हसायला लागला. मग त्याने फार सांभाळून सांगितलं, मी त्याहून सांभाळून भाषांतर केलं. एरंडेल वाईट नाही, रोज चालणाऱ्या यंत्राला चांगलंच. पण उभ्या यंत्रात ते वर्षानुवर्षं घातलं की त्याचा डिंक होतो. वरून रंगाचे थर. बाहेरचं लोखंड रंगाने वाचलं, पण आतून सगळं जाम झालं. आमच्याकडे दिलंत तर सगळं उकलून, साफ करून, दोन-तीन वर्षांत हे पुन्हा चालेल. इथे आहे तसंच राहिलं तर चालणार नाही.

मला वाटलं अक्का आता भडकणार. त्यांनी त्याच्या हातातून बाटली परत घेतली आणि त्या चालू लागल्या. पाहुण्याला चहा द्यायलाही विसरल्या, आणि ही गोष्ट त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. रिक्षात बसल्यावर त्यांनी बाटली मांडीवर धरून ठेवली होती. घरी आल्यावर ती मोरीत रिकामी केली.

त्यातच रस्ता चौपदरी व्हायचं काम फाटकाशी येऊन ठेपलं होतं. शेड पडणार हे नक्की. सायबिणीला कुठेतरी हलवायलाच हवं होतं. सुपडूने लगेच सांगून टाकलं की त्याच्या गॅरेजच्या आवारात जागा आहे, तो पक्कं शेड बांधतो. अक्कांच्या घरापासून चालत जाण्यासारखं अंतर. सगळ्यांना ते पटलं. विलायतेला पाठवणं कुणालाच पसंत नव्हतं. आमची बाळंतपणं केलेलं इंजिन आम्ही का द्यायचं? पण कमिटीची शेवटची सभासद म्हणून शब्द अक्कांचा होता, म्हणून रविवारी सकाळी शेडपाशी सगळे जमले. पाहुणा धुळ्याहून आला होता, तो मागे खुर्चीवर बसला.

सुपडू पहिल्यांदा बोलला. त्याला बोलायची सवय नाही, त्यामुळे इंजिनाकडे बघूनच बोलला. "हाई इंजिन नसतं ते मी नसतू. मी हिले जाऊ देवाव नहीं."

लोकांनी माना डोलावल्या. अक्का उठल्या. मला त्यांनी हात धरायला सांगितलं.

"सुपडू," त्या म्हणाल्या, "तुले तुनी आजीनी अर्धंच सांगं. मी आते बठ्ठं सांगस."

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दुपारी त्या त्याच्या गावी पोचल्या. बाळ आडवं होतं. इंजिन गावाबाहेर उभं होतं, भट्टी पेटलेली, मागे डबा जोडलेला. ड्रायव्हर पुन्हापुन्हा निरोप पाठवत होता, नेऊ का, अक्का? बाईला दोंडाईच्यापर्यंत नेऊ का? आणि अक्का प्रत्येक वेळी थांब म्हणत होत्या.

"तवलोंग मना हाते एक बी बाई गयेल नव्हती. गरव व्हता माले. वाटे, मीच करसू. दुसराले कसाले देऊ? तू निंघना. तुनी माय गयी. इंजिन उभं व्हतं, सुपडू. वाफ व्हती. मी तिले धाडं नहीं. टाइमवर धाडती ते ती वाचती."

पाठीमागे रस्त्याच्या कामावरचं यंत्र घरघरत होतं. पाहुण्याला कुणी भाषांतर करून सांगत नव्हतं, पण तोही उठून उभा राहिला होता.

"आनि हाई पेशंटले बी मीच अडकाई ठेयं," अक्का म्हणाल्या. "मना हातनं तेल पाजी पाजीसन जाम करी टाकी. माले वाटे मी सेवा करी ऱ्हायनू. आते नहीं. जठे हाई चालती व्हई, तठे धाडा. मी सही देस."

कुणीतरी बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, माहेरी चालली हो सायबीण. अक्कांनी तिच्याकडे वळून नेहमीच्या आवाजात सांगितलं, "माहेर-बिहेर काही नहीं. दवाखानामा चालनी."

सुपडू तिथून निघून गेला होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अक्का जेवायला बसायच्या आणि भाकरी मोडून ठेवायच्या. घड्याळ खांद्याला लावायचं विसरायच्या. मला त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकते. एवढी वर्षं गप्प राहिलात, आता कशाला बोललात, त्या माणसाने आयुष्यभर ज्याच्यापुढे नारळ फोडले ते तरी त्याच्यापाशी राहू द्यायचं होतं, असं मी एकदा बोलून गेले. त्या म्हणाल्या, "ज्या इंजिनाला मी त्याची आई वाचवू दिली नाही, त्याला तो नमस्कार करत होता. ते नमस्कार मी चोरत होते. ओझं होत होतं." हे त्या आपली बोली सोडून शुद्ध मराठीत बोलल्या. फार गंभीर झाल्या की त्या शुद्ध मराठीत बोलत. त्यांना वाटत होतं सुपडू आता कधी दारात येणार नाही. मलाही तेच वाटत होतं. दारात कुणाची मोटारसायकल थांबली की त्या मान वर करायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या.

न्यायचा दिवस ठरला. मोठा ट्रेलर हमरस्त्यावर उभा राहणार, फाटकातून आत येणं त्याला शक्य नव्हतं. मधल्या मोकळ्या जागेत रूळ नव्हते. क्रेनवाला म्हणाला, क्रेन आत आणायला जमीन भुसभुशीत आहे, इंजिन तुम्ही रस्त्यापर्यंत आणा, पुढचं माझं. पण चाकंच फिरत नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा सुपडू इंजिनाखाली होता.

त्याचे फक्त पाय दिसत होते. गॅरेजची पोरं सांगत होती की कालपासून तो इथेच आहे. सांध्यासांध्यांत डिझेल मुरवलं, चिंध्या पेटवून शेक दिला, रंग तासून काढला. पाहुणा गुडघे टेकून शेजारी बसला होता आणि दोघं खुणांनी बोलत होते. अक्का शेडच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. पुढे जायचा त्यांना धीर झाला नाही. सुपडू बाहेर आला, हात पुसले, अक्कांकडे पाहिलं नाही. पोरांना म्हणाला, "लावा टामी."

चौघांनी चाकांखाली पहारी घातल्या आणि जोर केला. काही नाही. पुन्हा जोर केला. आत कुठेतरी काड्कन काही तुटल्यासारखं झालं, आणि चाक बोटभर फिरलं. मग वीतभर. मग आख्खं. चिमण्या भर्रकन धुराड्यातून बाहेर पडल्या. जमलेल्या माणसांतून आवाज उठला, आणि मला वाटतं त्यात माझाही होता.

जुन्या कामगारांना रीत ठाऊक होती. लाइन वाढवताना ते असंच करायचे. शेडमध्ये उरलेले रुळाचे मोजकेच तुकडे होते, ते इंजिनापुढे टाकायचे, इंजिन त्यांवर ओढून घ्यायचं, मग मागचे मोकळे झालेले तुकडे उचलून पुन्हा पुढे टाकायचे. दोर लावले. दोराला कोण नव्हतं? अक्कांच्या हातावर जन्मलेली, आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं होती, शाळेचे मास्तर, किराणा दुकानदार, एक फौजदार, आणि त्यांची पोरंही होती. माझ्याजवळ उभ्या असलेल्या अक्का त्यांची डोकी बघत होत्या, असं मला वाटलं. पण त्यांची नजर एकाच माणसावर होती.

सगळे दोर धरून तयार झाले आणि सुपडू हात वर करून म्हणाला, थांबा.

तो अक्कांसमोर येऊन उभा राहिला. डिझेल आणि काळ्या ग्रीसने माखलेला. अक्कांनी मान खाली घातली होती.

"चाल," तो म्हणाला.

"कोठे?"

"वर. सिस्टरनी जागा रिकामी शे."

अक्कांनी मान हलवली. नको, नको, एवढंच.

सुपडूने पाठीवरचा टॉवेल काढून स्वतःचे हात पुन्हा एकदा पुसले, नीट, बोटं न् बोटं. मग खाली वाकून त्याने त्यांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं. त्यांचं काही वजनच नव्हतं.

"त्या दिन मनी माय बठनी नहीं," तो म्हणाला. "तू बठ."

त्याने त्यांना वर ठेवलं, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, आणि खाली येऊन दोर धरला.